चेहऱ्यावरून गुन्हेगार ठरवणारा दावा कसा तपासावा

लोम्ब्रोसो शिकवायला घेतला की वर्गात हशा पिकतो. मोठा जबडा, बाहेर आलेले कान, मागे झुकलेलं कपाळ, लांब हात अशी जन्मजात गुन्हेगार ओळखण्याची त्याची यादी फळ्यावर लिहीपर्यंत मुलं एकमेकांचे कान बघायला लागलेली असतात. मला तो हशा नको असतो. चेझारे लोम्ब्रोसो हा इटलीतला डॉक्टर होता, तुरीनला प्राध्यापक होता, आणि १८७६ साली गुन्हेगार माणसावरचं पुस्तक काढण्याआधी त्याने खरोखर कवट्या मोजल्या होत्या. हसून सोडून दिलं की त्याचं नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही. म्हणून कुठलाही असा सिद्धांत समोर आला की तो कसा वाचायचा, ते मी मुलांकडून आधी करून घेते.

पहिलं काम वहीतलं. पानाचे दोन भाग करा. डावीकडे दिसलं काय ते लिहा, उजवीकडे त्यावरून म्हटलं काय ते. ज्युसेप्पे विलेला हा दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा, चोरीच्या शिक्षेतला कैदी. त्याच्या कवटीच्या मागच्या हाडाला आतून, जिथे एरवी उभा कंगोरा असतो तिथे, लोम्ब्रोसोला एक खळगा दिसला. हे डावीकडे जाईल. असा खळगा काही प्राण्यांत असतो, म्हणून हा माणूस उत्क्रांतीत मागे पडलेला, म्हणून तो गुन्हेगार, हे सगळं उजवीकडे. खळगा खरा होता. दोन्ही ‘म्हणून’ मात्र लोम्ब्रोसोचे आहेत, आणि त्यांना त्या हाडात कुठेच आधार नाही. डोक्याच्या आकारावरून स्वभाव सांगणाऱ्या फ्रान्झ गॉल या डॉक्टरच्या कवटीशास्त्रालाही हीच रीत लावा: डोक्यावरचा उंचवटा डावीकडे, त्याखाली चोरीची वृत्ती बसलेली असते हे उजवीकडे.

मग विचारा, तुलना कुणाशी केली? सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तुरुंगात शंभर डोकी मोजली आणि त्यात तीस जबडे मोठे निघाले, तर बाहेरच्या शंभरात किती निघतात हे कळल्याशिवाय त्या तिसाला काहीच अर्थ नाही. लोम्ब्रोसोने बाहेरची माणसं मोजलीच नाहीत असं नाही, पण त्याची तुलना ढिली होती. इंग्लंडमधला तुरुंगाचा डॉक्टर चार्ल्स गोरिंग याने हे काम नेटाने केलं. सुमारे ३,००० कैदी मोजले, शेजारी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी, सैनिक आणि इस्पितळातले रुग्ण ठेवले, संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसनच्या मदतीने आकडेमोड केली आणि १९१३ साली निष्कर्ष छापला: गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक साचा नाही.

मुलं इथे वही मिटतात. मिटू नका. कैदी उंचीने आणि वजनाने कमी भरतात हे गोरिंगलाही दिसलं होतं, आणि त्याचा अर्थ लावताना तो स्वतः आनुवंशिक कमीपणाकडे वळला. विद्यापीठातला मुलगा कुठल्या घरात वाढतो आणि कैदी कुठल्या, हे लक्षात घेतलं तर उंचीतला फरक वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. लोम्ब्रोसोला खोडून काढणाऱ्याचंही पान दोन भागांत करा.

तिसरा प्रश्न लवकर सुटतो: ते लक्षण जन्माचं आहे की आयुष्याने दिलेलं? लोम्ब्रोसोच्या यादीत गोंदणही आहे, आणि गोंदणाचा अभ्यास त्याने सुरू केला होता लष्करात डॉक्टर असताना, सैनिकांवर. यावर मी आणखी काही बोलत नाही, मुलांना ते आपोआप कळतं.

विसाव्या शतकातल्या अभ्यासांना जरा जपून हात घाला. १९४९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डनने २०० तरुणांची शरीरयष्टी तपासून पिळदार बांध्याचा संबंध बिघडलेल्या वागण्याशी जोडला. पण ‘बिघडलेलं’ कुणाला म्हणायचं हे त्याने कायद्यावरून ठरवलं नव्हतं, आणि गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँडने नेमकं तिथेच बोट ठेवलं. १९५० चा ग्लूक या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ दांपत्याचा अभ्यास जास्त भक्कम आहे. ५०० बालगुन्हेगार आणि वय, बुद्ध्यांक, वंश, वस्ती जुळवून घेतलेली ५०० इतर मुलं. पिळदार बांधा पहिल्या गटात ६० टक्के, दुसऱ्यात ३१. हा फरक झटकून टाकू नका. फक्त पहिला गट सुधारगृहातला होता हे शेजारी लिहा, आणि विचारा: मारामारीत दांडगट मुलगा पुढे ढकलला जातो का? दोन मुलं सारखंच वागली तर न्यायाधीशाला जास्त धोकादायक कोण वाटेल?

हे सगळं जमलं की एक गृहपाठ. २०१६ मध्ये शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १,८५६ छायाचित्रांवर संगणक शिकवून गुन्हेगार ओळखता येतो असं मांडलं. गुन्हेगारांची छायाचित्रं पोलिसांकडून मिळालेली, इतरांची इंटरनेटवरून. त्या निबंधात छापलेले नमुन्याचे चेहरे शेजारी ठेवा, चेहऱ्याआधी सदऱ्याची कॉलर बघा, मग ओठांचे कोपरे बघा, आणि संगणक नक्की काय शिकला असेल ते डावीकडे लिहा.