टीबीच्या गोळ्या चालू असताना: कोणता त्रास सोसायचा, कुठे थांबायचं

औषधांना दाद देणारा नेहमीचा टीबी असेल तर उपचार साधारण 6 महिन्यांचा असतो. पहिले 2 महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे 4 महिने त्यातली दोन किंवा तीन. बहुतेक वेळा ही औषधं एकाच गोळीत एकत्र असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. म्हणून दर महिन्याला वजन करून कागदावर लिहून ठेवा. उपचार लागू पडला की वजन वाढतं, आणि ते वरच्या गटात गेलं की गोळ्याही वाढवाव्या लागतात. ही गोष्ट फार वेळा राहून जाते.

दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो. खरी परीक्षा इथून पुढे असते. टीबीचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे 20 तास लागतात. त्यातले काही तर निपचित पडून राहतात आणि औषधाला लवकर बळी पडत नाहीत. उरलेले महिने त्यांच्यासाठीच असतात.

गोळ्या घेताना

सगळ्या गोळ्या एकाच वेळी, शक्यतो सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या तासभर आधी घ्याव्यात. पोटात अन्न असलं की रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड कमी शोषली जातात. पण उपाशीपोटी मळमळून गोळ्या उलटून पडत असतील तर थोडं हलकं खाऊन घ्या, किंवा डॉक्टरांना विचारून वेळ रात्री झोपण्याआधीची करा. थोडं कमी शोषलेलं औषध न घेतलेल्या औषधापेक्षा कितीतरी बरं. आम्लपित्ताचं औषध लागलंच तर त्यात आणि टीबीच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गोळ्या पाकिटातून आधीच काढून डबीत भरू नका. दमट हवेने त्या खराब होतात.

डोस विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दुप्पट घेऊ नका, तारीख लिहा आणि उपचार केंद्रावर सांगा. पहिल्या 2 महिन्यांत सलग 14 दिवस किंवा जास्त खंड पडला तर बहुधा उपचार पहिल्यापासून सुरू करावा लागतो. रिफाम्पिसिन मधूनमधून घेतलं तर आणखी एक त्रास होतो: गोळी घेतल्यावर काही तासांत फ्लूसारखा ताप, थंडी, अंगदुखी.

लघवीचा रंग आणि डोळ्यांचा रंग

पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नव्हे, रिफाम्पिसिनचा रंग आहे. घाम आणि अश्रूंनाही तो येतो, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचा डाग पडू शकतो. गोळी घेतल्यावर काही तास रंग गडद असतो, मग फिका होत जातो. अडचण अशी की याच रंगाखाली कावीळ लपते. म्हणून लघवीवर विसंबू नका, डोळे पाहा. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी उभं राहा (दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात फसगत होते), खालची पापणी बोटाने खाली ओढा, नजर वर करा आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघा. आठवड्यातून दोनदा, घरातल्या कुणाकडून तरी पाहून घ्या. औषधाच्या रंगाने हा भाग पिवळा होत नाही.

पांढरा भाग पिवळा दिसला, किंवा अन्नाची वासनाच उडाली, उलट्या थांबत नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखतं, शौचाचा रंग फिका झाला, तर यकृताला इजा झाली असण्याची शक्यता आहे. इथॅम्ब्युटॉल सोडून बाकीची तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. अशा वेळी सगळ्या गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. ‘हीच गोळी बाधतेय’ असं स्वतःच ठरवून एखादीच सोडणं हा सगळ्यांत घातक मार्ग. एकट्या-दुकट्या औषधासमोर जंतू टिकतो आणि पुढे त्या औषधाला दादच देत नाही. थांबवायची तर सगळी, घ्यायची तर सगळी.

रक्तातली यकृताची एन्झाइम्स थोडी वाढणं नेहमीचं आहे, त्याला घाबरून औषध बंद करायचं नसतं. त्रास असताना ती सामान्य कमाल मर्यादेच्या 3 पटींवर किंवा काहीही त्रास नसताना 5 पटींवर गेली तर औषधं थांबवतात. ती खाली आली की डॉक्टर एकेक औषध पुन्हा सुरू करतात, सहसा रिफाम्पिसिनपासून. या काळात दारू अजिबात नको, आणि पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय मनाने घेऊ नका.

नजर, हातपाय, सांधे, त्वचा

इथॅम्ब्युटॉलचा डोळ्याच्या नसेवर परिणाम होऊ शकतो. महिन्यातून एकदा घरी तपासा: एक डोळा झाका, त्याच उजेडात तीच बारीक अक्षरं वाचा, लाल आणि हिरवी वस्तू शेजारी धरून पाहा, मग दुसरा डोळा. अक्षरं धूसर झाली किंवा लाल रंग फिकट वाटू लागला तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. वेळीच बंद केलं तर नजर बहुतेक परत येते, उशीर झाला तर येईलच असं नाही.

तळपायांना मुंग्या येणं, आग होणं हे आयसोनियाझिडमुळे. ते शरीरातलं बी 6 जीवनसत्त्व कमी करतं. मधुमेह, गरोदरपण, कुपोषण, एचआयव्ही किंवा दारूची सवय असेल तर पहिल्या दिवसापासून पायरिडॉक्सिन (म्हणजेच बी 6) लागतं, रोज 10 ते 25 मिलिग्रॅम. त्रास सुरू झाल्यावर डोस वाढवावा लागतो, तो डॉक्टर ठरवतात.

पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं, सांधे दुखतात. दुखणं वेदनाशामकाने आटोक्यात येतं आणि हे औषध सहसा 2 महिन्यांनी बंदच होतं. नुसती खाज असेल तर अ‍ॅलर्जीची गोळी पुरते. पण पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा त्वचेवर बारीक लाल-जांभळे ठिपके आले तर सगळं थांबवून तातडीने रुग्णालयात जा.

चालू असलेल्या इतर सगळ्या औषधांची यादी पहिल्या भेटीतच द्या. रिफाम्पिसिनमुळे यकृत बरीचशी औषधं झपाट्याने निकामी करतं. गर्भनिरोधक गोळी भरवशाची राहत नाही, दुसरं साधन वापरावं लागतं. वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध), मधुमेहाच्या काही गोळ्या आणि एचआयव्हीची औषधं यांचे डोस बदलावे लागतात.

मानेत टीबीच्या गाठी असतील तर उपचार चालू असतानाही त्या काही काळ मोठ्या होऊ शकतात. त्यामुळे औषध लागू पडत नाही असा अर्थ लगेच काढू नका, गोळ्या चालू ठेवून गाठ दाखवून घ्या. फुफ्फुसाच्या टीबीत 2 महिन्यांनी थुंकीची तपासणी होते, ती चुकवू नका. तेव्हाही जंतू दिसले तर जंतूने औषधांना दाद देणं बंद केलंय का हे तपासतात, आणि त्यासाठी चुकलेल्या डोसांची खरी यादी हाताशी असावी लागते.