फेज प्रतिमेतले हट्टी पट्टे : माझा अनुभव
तीन ग्रेटिंगच्या (बारीक समांतर रेषांच्या जाळ्यांच्या) टॅलबो-लाउ इंटरफेरोमीटर या उपकरणावर घेतलेल्या क्ष-किरण फेज प्रतिमांवर, म्हणजे नमुन्यातून जाताना लहरींची फेज (कला) किती सरकली हे दाखवणाऱ्या प्रतिमांवर, नमुना कोणताही असो, मंद लाटांसारखे पट्टे उमटत होते. आधी मी प्रतिमा टिपणाऱ्या शोधकालाच (डिटेक्टरलाच) दोष दिला, आणि त्यात दोन दिवस गेले. पट्ट्यांची वारंवारता मोआरे नक्षीच्या (ग्रेटिंग एकमेकांवर पडून दिसणाऱ्या पट्ट्यांच्या) दुप्पट भरली, तेव्हा शोधकापुढचे विश्लेषक ग्रेटिंग फेज मोजण्यासाठी ज्या समान टप्प्यांनी सरकवतात, ते टप्पेच असमान पडत असल्याचे लक्षात आले. या ग्रेटिंगचे आवर्तन (लगतच्या रेषांमधले अंतर) ५ मायक्रोमीटरच्या आसपास असताना टप्प्यात १०० नॅनोमीटरची चूक म्हणजे फेजमध्ये सुमारे ७ अंश. यंत्र न बदलता, टप्प्यांची खरी स्थाने आणि प्रत्येक पिक्सेलची फेज आलटून पालटून लघुतम वर्ग पद्धतीने (मोजमापाशी एकूण फरक कमीत कमी ठेवणाऱ्या गणिताने) काढली. या गणिताच्या काही फेऱ्यांतच पट्टे विरले. नमुन्याविना घ्यायची संदर्भ प्रतिमा मात्र आता दर वेळी ताजी घेतो, कारण तापमानाबरोबर ग्रेटिंग सरकतातच.