सस्पेन्शन बुश: ओरिजिनल रबर की पॉली?

रोजची घरची गाडी असेल, म्हापसा-पणजी-मडगाव असा वापर, तर लोअर आर्मला (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) ओरिजिनल रबरचाच बुश, म्हणजे सांध्यात बसणारा धक्के शोषणारा तुकडा, घाला. पॉलियुरेथेन (पॉली, एक कडक प्लास्टिकसारखं मटेरियल) टिकतं जास्त, ऑइल लागूनही फुगत नाही, स्टेअरिंगही टाइट वाटतं, पण ते कडक असल्याने रस्त्याचा प्रत्येक धक्का आणि आवाज आत येतो, घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना त्रासच. शिवाय रबर बुश स्लीव्हला (बोल्ट जाते त्या मधल्या धातूच्या नळीला) चिकटवलेला असतो आणि स्वतः पीळ घेऊन हलतो, पॉली मात्र स्लीव्हवर फिरतो, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, आपल्या पावसात लाल चिखल आत गेला आणि ग्रीस धुवून गेलं की कुईकुई सुरू. चोर्ला, अनमोड घाटात गाडी फार झुकते असं वाटत असेल तर फक्त स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश पॉली करा, तिथे चालतात, आणि स्वस्तातही होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रबर बसवताना बोल्ट फायनल टाइट करायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर चाकं लटकत असताना नाही. लटकत्या स्थितीत टाइट केला की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो, मग लोक पार्टला नावं ठेवतात. मेकॅनिकला हे आधीच सांगा, शक्यतो समोर उभे राहून करून घ्या. आणि समुद्राजवळ राहत असाल तर जुना बोल्ट गंजून स्लीव्हमध्ये बसलेला असू शकतो, नवा बोल्ट सोबतच घेऊन जा.