डाएटिशियनचं स्वतःचं ताट: 'चांगलं खाण्याचा' अतिरेक कसा ओळखावा, कसा सोडवावा

आरोग्याला चांगलं तेवढंच खायचं, या हट्टाचा अतिरेक होऊ शकतो. आहारतज्ज्ञाच्या बाबतीत तो उशिरा लक्षात येतो, कारण वगळलेल्या प्रत्येक पदार्थामागे शास्त्रीय कारण तयार असतं. म्हणून ताटात काय आहे यापेक्षा ठरलेला बेत मोडल्यावर काय होतं ते बघा. ओपीडी लांबली, डबा घरी राहिला आणि समोर फक्त कँटीनची इडली-चटणी आहे. खाऊन कामाला लागलात तर प्रश्न नाही. उपाशी राहिलात, किंवा खाऊन संध्याकाळभर तेलाचा हिशेब मांडत बसलात, तर पुढचं वाचा.

स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ मध्ये या अतिरेकाला ऑर्थोरेक्सिया हे नाव दिलं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून नाही. तो ओळखण्यासाठीच्या 'ऑर्टो-१५' प्रश्नावलीवरही फार विसंबू नका. ती नुसत्या जागरूक माणसालाही यात ओढते, आणि अन्नाचा विचार करणं हे तर आपलं कामच.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. कॅलरी लिहायच्या नाहीत. काय टाळलं, का टाळलं आणि त्यापायी कोणतं जेवण किंवा कार्यक्रम चुकवला, एवढंच. मग टाळलेल्या आठ-दहा पदार्थांना भीतीचे ० ते १० गुण द्या. पांढरा भात ३, साबुदाण्याची खिचडी ५, स्टेशनबाहेरचा वडापाव ८, असं काहीतरी निघेल. सुरुवात ३-४ गुणांच्या पदार्थापासून. तोच पदार्थ आठवड्यात दोन-तीनदा, नेहमीच्या वाढपाएवढा, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने. भीती निम्म्यावर आली की पुढची पायरी. या काळात तीन जेवणं आणि मधल्या वेळचं दोन-तीनदा खाणं चुकवू नका. भुकेल्या पोटी भीती वाढते.

गाडी अडते ती इथे: वडा एअरफ्रायरमध्ये होतो, पाव नाचणीचा येतो. हा सराव नव्हे, पळवाट आहे. दुसरी पळवाट भरपाईची: मिसळ खाल्ली म्हणून रात्रीचं जेवण बंद, किंवा तलावपाळीला दोन फेऱ्या जास्त. आणि 'चीट डे', म्हणजे पथ्य मोडायचा दिवस, म्हटलंत की तो पदार्थ पुन्हा गुन्ह्याच्याच खात्यात जातो.

हा त्रास एखाद्या सहकारी डाएटिशियनला असेल तर तिला बाजूला घेऊन एकटीशी बोला. 'किती बारीक झालीस' म्हणू नका. तिला ती शाबासकी वाटू शकते. 'तू महिनाभर आमच्यासोबत जेवली नाहीस, मला काळजी वाटते,' असं दिसलेलं तेवढंच सांगा. ग्लूटेनवर (गव्हातल्या प्रथिनावर) वाद घालू नका, त्यात ती जिंकेल.

वजन झपाट्याने उतरलं, पाळी थांबली, चक्कर येते किंवा जागेपणी नाडी ५० च्या खाली आहे, तर लगेच डॉक्टरांकडे जा. ईसीजी, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट तपासून घ्या. बरेच दिवस जेमतेम खाल्लं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम आहार वाढवू नका; रीफीडिंगमध्ये, म्हणजे उपासमारीनंतर पुन्हा खाणं सुरू करताना, रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदयावर बेततं. मानसिक मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत आपला व्यवसाय सांगा, आणि आहाराचा तक्ता दुसऱ्या डाएटिशियनकडून करून घ्या.