अंद्रियाचा क्रूस: ३० नोव्हेंबरचा झेंडा, गोष्ट आणि बिस्किटं

स्कॉटलंडचा आश्रयदाता संत अँड्र्यू म्हणजे मराठी बायबलातला अंद्रिया. शिमोन पेत्राचा भाऊ, गालीलचा कोळी. ३० नोव्हेंबरला शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये त्याचा दिवस साजरा करायचा, तर सगळ्यात आधी झेंडा नीट जमला पाहिजे. चुका तिथेच जास्त होतात.

गोष्ट आधी सांगा, म्हणजे झेंड्याचा आकार कळतो. ग्रीसमधल्या पात्रास गावी अंद्रियाला क्रूसावर दिलं. प्रभूसारख्या क्रूसावर मरायची आपली लायकी नाही, म्हणून त्याने तिरपा क्रूस मागितला, अशी आख्यायिका. पुढे इ.स. ८३२ मध्ये स्कॉटलंडात अ‍ॅथेलस्टेनफोर्ड इथे अँगस राजाला लढाईच्या आदल्या रात्री संताने दर्शन दिलं आणि सकाळी निळ्या आकाशात ढगांची पांढरी फुली उमटली. लढाई जिंकली, फुली झेंड्यावर आली. ‘इतिहास सांगतो’ असं म्हणू नका, ‘आख्यायिका सांगते’ म्हणा.

नाशिककरांसाठी एक धागा जोडता येतो. स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला. त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, आणि तो शिकला होता शरणपूरच्या मिशनमध्ये. गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे ठेवत. १८७४ मध्ये तो शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेपर्यंत गेला. मुलांना हे सांगितलं की हॉल शांत होतो.

आता झेंडा. तयार माप १०० × ६० सेंमी. पांढऱ्या पट्टीची रुंदी झेंड्याच्या उंचीच्या एक पंचमांश, म्हणजे १२ सेंमी. निळं आणि पांढरं पॉपलीन प्रत्येकी १.३५ मीटर घ्या, ३६ इंची पन्ह्याचं पुरतं. दुकानात नेव्ही ब्लू हातात देतील, तो नको आणि फिरोजीही नको. रॉयल ब्लूपेक्षा जरा उजळ निळा हवा. स्कॉटिश संसदेच्या समितीने २००३ मध्ये पँटोन ३०० ही छटा सुचवली होती. तिचा नमुना मोबाइलवर काढून न्या. रंग उलटे करू नका: पांढऱ्यावर निळी फुली म्हणजे रशियन नौदलाचा झेंडा.

निळं कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, नाहीतर पहिल्याच ओल्या इस्त्रीला पांढरी पट्टी आकाशी होते. मग १०६ × ६४ सेंमी कापा आणि त्यावर खडूने १०० × ६० चा चौकोन आखा: काठीच्या बाजूला ४ सेंमी दुमड, बाकी तिन्ही बाजूंना २. कर्ण या आखलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यांतून काढा. कापडाच्या कोपऱ्यांतून काढले, तर फुली बाजूला सरकते. पट्ट्या १४ × १२५ सेंमी, चार: दोन पुढे, दोन मागे. कडा १-१ सेंमी आत दुमडून इस्त्री करा.

खरी गोम शिवताना आहे. कर्णाच्या दिशेने निळं कापड ताणतं. उभ्या धाग्यात कापलेली पट्टी ताणत नाही. मशीनखाली निळं ओढलं गेलं की पट्टीशेजारी चुण्या पडतात. म्हणून कापड टेबलावर पसरा, मध्यापासून कोपऱ्यांकडे टाचण्या लावा, कच्चा धावदोरा घाला, मगच टीप मारा. कापड हाताने ओढू नका. काठांची दुमड शेवटी.

खायला शॉर्टब्रेड सोपं: १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम पीठ. पिठात ५० ग्रॅम तांदळाचं, बाकी मैदा. त्याने कुरकुरीतपणा येतो. बाजारातलं खारं बटर चालतं, वेगळं मीठ नको. घरच्या लोण्यात ताक-पाणी राहतं, त्याने बिस्किट लिबलिबीत होतं. तूप घातलंत तर ती नानकटाई. सोडा, बेकिंग पावडर काहीच नाही. नाशिकच्या थंडीत बटर फ्रिजबाहेर तासभर तरी ठेवा. पीठ मळू नका, फक्त गोळा करा, दीड सेंमी जाड थापा, काट्याने टोचा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, कडा फिक्कट सोनेरी होईपर्यंत. गरम असतानाच वड्या कापा. गार झाल्यावर सुरी लावलीत तर चुरा. हॅगिसचा (मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ) आग्रह धरणाऱ्याला सांगा, त्याचा मोठा मान २५ जानेवारीच्या बर्न्स नाइटला, म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनाच्या रात्री.

नाचगाण्याच्या मेळाव्याला ‘केली’ म्हणतात (लिहितात ceilidh, पण उच्चार तोच). तिघांची एक रांग, समोर दुसरे तिघे, असा ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ नवख्यांनाही जमतो: सहा जणांचा गोल, आठ पावलं डावीकडे, आठ उजवीकडे, मग मधला आधी उजव्या जोडीदाराकडे वळतो आणि नंतर डाव्याकडे. इथेच गोंधळ होतो, म्हणून मधल्यांच्या उजव्या मनगटाला निळी रिबन बांधा. झेंड्याच्या उरलेल्या कापडाची चालते.