बाळंतीण मांजर घरी सांभाळताय? या चुका टाळा

"कोणी दोन दिवस ठेवून घेईल का?" सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज आणि खाली जिन्यातल्या खोक्यात पहुडलेल्या मांजरीचा फोटो आला की समजायचं, हे दोन दिवस म्हणजे दोन महिने. पहिली चूक इथेच होते, हो म्हणताना. डोळे मिटलेली पिल्लं आईपासून सुटी व्हायला किमान ८ आठवडे लागतात. त्यानंतर आईची नसबंदी, पिल्लांसाठी घरं शोधणं हे उरतंच. मे महिन्यात गावी जायचं असेल, घरात लग्न असेल किंवा दार बंद करता येईल अशी एकही जागा देता येत नसेल, तर सरळ नाही म्हणा. तिसऱ्या आठवड्यात मांजर परत करणाऱ्यापेक्षा पहिल्याच दिवशी नाही म्हणणारा बरा.

मी ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात गेली काही वर्षं हे करते आहे. पुढे लिहिलेल्यातल्या निम्म्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

आधी पिल्लं उचलणं

पिल्लं हाताशी असतात, म्हणून माणूस आधी तीच खोक्यात भरतो. तेवढ्यात आई गाडीखाली पळते आणि पुढची रात्र आपण टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये काढतो. मांजर माणसाळलेली असेल तर आधी तिला कॅरियरमध्ये घ्या, मग पिल्लं. बुजरी असेल तर पिल्लं कापडात गुंडाळून सापळ्याच्या आतल्या टोकाला ठेवतात. त्यांच्या आवाजाने ती आत येते.

मुळात आई दिसत नाही म्हणून पिल्लं अनाथ ठरवू नका. ती खायला गेलेली असते, आणि तुम्ही खोक्याजवळ उभे आहात म्हणूनच परत येत नसते. खोक्याभोवती तांदळाची पिठी भुरभुरवा आणि लांब जा. दोन-तीन तासांनी पिठीत पावलं उमटली असतील तर प्रश्न मिटला. पिल्लं उबदार आणि गाढ झोपलेली असतील तरी आई येऊन गेली असं धरायला हरकत नाही. गारठून किंचाळत असतील तर मात्र वाट पाहू नका.

बाळंतिणीच्या खोलीत जत्रा भरवणं

आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी, उबदार आणि शांत असायची. मांजरीलाही तेच हवं असतं, आणि आपण नेमकं उलट करतो. शेजारची मुलं बघायला येतात, रील होतात, खोका दिवाणखान्यात टीव्हीशेजारी असतो. मग मांजर एकेक पिल्लू मानेला धरून कपाटामागे नेते आणि आपण म्हणतो, मांजर सात घरं फिरवतेच. फिरवते, पण उगाच नाही. जागा उजेडात आहे, येण्याजाण्याच्या वाटेवर आहे किंवा खोक्याचं तोंड फार मोठं आहे, असं तिचं म्हणणं असतं.

अशा वेळी पिल्लं पुन्हा पुन्हा आधीच्या जागी आणून ठेवायची नाहीत. तिने निवडलेली जागा धोक्याची नसेल तर खोकाच तिकडे सरकवा. माझ्या एका मांजरीने कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा पसंत केला होता. तिथे डांबरगोळ्या होत्या. त्या मांजरांना विषारी असतात, म्हणून आधी त्या काढल्या, कप्पा पुसला आणि तो तिला देऊन टाकला. दोन महिने माझे कपडे खुर्चीवर.

माणसाचा हात लागला की मांजर पिल्लं टाकते, हा समज मात्र सोडून द्या. घरात राहणारी, तुमच्यावर विश्वास असलेली आई दिवसातून एकदा वजनासाठी पिल्लू उचललं म्हणून त्याला टाकत नाही.

अंथरुणाबद्दल एक सांगायचं आहे, कारण हे कोणी सांगत नाही. जुनी गोधडी प्रेमाने घालू नका. उसवलेल्या टाक्यांचे दोरे पिल्लांच्या पायांभोवती अडकतात. टर्किश टॉवेलच्या फासांमध्ये नखं गुंततात. जुनी सुती साडी चौपदरी करून घाला, ओली झाली की बदला. आणि दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा तर अजिबात नको. पिल्लाची मान आठवड्याभरात वाढते, दोरा वाढत नाही.

गार पिल्लाला दूध पाजणं

सगळ्यात जास्त पिल्लं या चुकीने जातात असं मला वाटतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरून अंग गरम करता येत नाही. त्याच्या अंगाचं तापमानच ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं आणि भोवतालची हवा २९ ते ३२ अंश लागते. ठाण्याच्या मे महिन्यात हे आपोआप होतं. पण एसी लावलेली खोली, डोक्यावर फिरणारा पंखा, पावसाळ्यात ओल धरलेली फरशी यांनी पिल्लू बघता बघता गारठतं. गारठलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. दूध पोटात तसंच राहतं, किंवा उलटून फुप्फुसात जातं.

म्हणून आधी ऊब, मग पोट. तळवा त्याच्या पोटाखाली धरा. गार लागलं तर त्याला छातीशी कपड्यात घ्या किंवा मोज्यात भरलेले कोरडे तांदूळ गरम करून, त्यावर कापड गुंडाळून शेजारी ठेवा. गरम पाण्याची बाटलीही चालते, पण थेट अंगाला लावायची नाही. ऊब हळूहळू द्यायची, निदान अर्धा-पाऊण तास. बल्बखाली किंवा हेअर ड्रायरने भाजून काढू नका. खोक्याच्या एकाच बाजूला ऊब ठेवा, म्हणजे गरम झाल्यावर पिल्लाला सरकता येईल. विदर्भातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो: पिल्लं एकमेकांपासून लांब पसरलेली आणि तोंड उघडं, म्हणजे त्यांना उकडतंय.

आई जवळ असेल आणि पाजत असेल तर वरचं दूध देऊच नका. गाईचं, म्हशीचं, पिशवीचं, पाणी घातलेलं, कुठलंच नाही. त्यातली साखर त्यांना पचत नाही, जुलाब होतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला जुलाब एका रात्रीत संपवतात. आईच आजारी असेल किंवा दूध नसेल, तर पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून. पाजताना पिल्लू माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. पोटावर, जसं ते आईला पितं तसं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि पाजून झाल्यावर ओल्या कापसाने खालची बाजू हलके पुसायची, कारण साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही. एरवी आई चाटून ते करते.

काटा न घेणं

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा असतो ना, केकवाल्यांकडे? तो घ्या. बाकी काही विकत घेतलं नाही तरी चालेल.

जन्मतः पिल्लू साधारण ८० ते ११० ग्रॅमचं असतं. रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं आणि दोन आठवड्यांत दुप्पट होतं. रोज एकाच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. चार काळी पिल्लं असतील तर ओळख म्हणून कुणाच्या पाठीवरचे, कुणाच्या मांडीवरचे थोडे केस कातरा.

हा आग्रह कशासाठी, ते सांगते. माझ्याकडच्या दुसऱ्या वेतात पाच पिल्लं होती. सगळ्यात छोटा बोका सतत आईला चिकटलेला दिसायचा, म्हणून मी निश्चिंत होते. तोंडात आचळ होतं, पण तो ओढत नव्हता. मोठी भावंडं त्याला सारखी ढकलून द्यायची. चौथ्या दिवशी सकाळी तो खोक्याच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, गार पडलेला सापडला. काटा असता तर दुसऱ्याच दिवशी दिसलं असतं. वजन २४ तासांत वाढलं नाही तर लक्ष ठेवायचं, त्या पिल्लाला एकट्याला आईच्या मागच्या आचळांशी लावायचं, भावंडांना दहा मिनिटं बाजूला ठेवायचं. वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

पिल्लांच्या नादात आईचं ताट विसरणं

पाच पिल्लं पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट ते चौपट अन्न लागतं. आपण तिला दूध-पोळी देतो आणि बाळंतीण आहे म्हणून वर थोडं तूप. मांजर पक्की मांसाहारी आहे. तिला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसात असतं, पोळीत नसतं. पिल्लांसाठीचं तयार खाणं, म्हणजे 'किटन फूड', ते आईला द्या, आणि दिवसभर समोर राहू द्या. सोबत बिनमिठाचं उकडलेलं चिकन, काटे काढलेली मासळी. खारी सुकट नको, कांदा-लसणाच्या रश्श्यातले तुकडे नकोत. आपल्या घरात शाकाहारच चालत असेल तर त्याचाही विचार हो म्हणायच्या आधी करा.

कॅल्शियमचं औषध मात्र मनाने सुरू करू नका. आणि ही लक्षणं पाठ असू द्या: पिल्लं एक ते चार आठवड्यांची असताना आई अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठ टाकत चालते, अंग थरथरतं. रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची ही खूण आहे. रात्रीचे दोन वाजलेले असोत, तेव्हाच दवाखाना गाठायचा. एखादं स्तन लाल, कडक आणि गरम लागत असेल आणि ती पिल्लांना झटकत असेल तर तिथे संसर्ग झालाय. बाळंतपणानंतर दोनेक आठवडे थोडा तपकिरी-लालसर स्राव चालतो. त्याला घाण वास आला किंवा तिने खाणं सोडलं तर तो गर्भाशयाचा त्रास. यातलं काहीही हळद लावून थांबत नाही.

घरातल्या बाटल्या

ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल दिलेली मांजर मरते. अर्धी नाही, पाव गोळीसुद्धा नाही. कुत्र्यांचे पिसवांचे थेंब मांजराला लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिनने झटके येतात. पिसवा झाल्या असतील तर बारीक दातांची फणी आणि धीर. फिनाईलने फरशी पुसणंही थांबवा, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही, आणि पिल्लं पोटावर सरपटतात. जंतू मारायचेच असतील तर घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या.

घरात आधीचं मांजर असेल तर पहिले दोन आठवडे भेट नाही, भांडी वेगळी, हात धुऊन इकडून तिकडे. मांजरांच्या पार्वो या संसर्गजन्य आजाराचा विषाणू घरात वर्षभर टिकून राहू शकतो. घरात गरोदर बाई असेल तर लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे, दुसऱ्याने आणि रोजच्या रोज साफ करायचा. आई चावली किंवा तिने ओचकारलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा. "घरातलीच आहे" हे कारण नाही. ती परवापर्यंत रस्त्यावर होती.

तिसऱ्या आठवड्यानंतर

डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. उशीर वाटला तरी बोटाने उघडू नका. पापणीखाली फुगलेलं किंवा पू दिसला तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसून डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत पिल्लं माणसाळण्याचा काळ असतो. तेव्हा रोज थोडा वेळ हातात घ्या, कुकरची शिट्टी, झाडू, बेल सगळं ऐकू द्या. पिल्लं अंधारात ठेवणारे आणि सहा आठवड्यांनी "फिस्कारतात हो" म्हणणारे मी पाहिले आहेत.

चौथ्या आठवड्यात ओलं खाणं बशीत ठेवा, ती आधी त्यात चालतील. ट्रेमध्ये गोळे बनणारं लिटर नको, पिल्लं ते खातात. फाडलेलं वर्तमानपत्र पुरतं. जंताचं औषध वजनावर असतं, डॉक्टरांकडूनच घ्या. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना. पाचव्या आठवड्यात "आत्ताच द्या ना, लहान असतानाच लळा लागतो" म्हणणारे हमखास येतात. त्यांना आठव्या आठवड्याची तारीख द्या. ज्यांना खरंच हवं असतं ते येतात.

आणि या सगळ्या धावपळीत आईला "जरा मोकळं" सोडायचं नाही. पाजती मांजर गरोदर राहत नाही असं समजून दार उघडं ठेवलं होतं एका मैत्रिणीने. पिल्लं पाच आठवड्यांची होती, खाली बोका बसलेलाच होता. पिल्लं पिणं सोडून दूध आटलं, की सुमारे दोन आठवड्यांनी नसबंदीची शस्त्रक्रिया करता येते. त्या दिवसाची वेळ दवाखान्यात आधीच घेऊन ठेवा आणि कॅलेंडरवर लिहा. मैत्रिणीकडे त्या वर्षी दिवाळीत पुन्हा चार पिल्लं होती, आणि ग्रुपवर मेसेज तिचाच होता: "कोणी दोन दिवस ठेवून घेईल का?"