बेळगावात पाणी साडेसत्त्याण्णवला उकळतं: उसाच्या रंगचाचणीची पेटी

उसाच्या खोडव्यात एखादं बेट गवतासारखं बारीक फुटलं, पानं पांढुरकी पडली, की आमच्या खानापूरकडं म्हणतात, "लोह कमी पडलंय, फवारा मारूया." कधी ते खरंही असतं. पण गवताळ वाढ असेल तर कारण फायटोप्लाझ्मा, म्हणजे झाडाच्या आत जगणारा एक सूक्ष्म जंतू, आणि तो बेण्यातून पुढच्या रानात जातो. हा जंतू बशीत वाढवून दाखवता येत नाही, त्याचा डीएनएच शोधावा लागतो. तापमान वरखाली करत डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआरचं यंत्र कॉलेजला परवडत नाही. तेच काम करणारी लॅम्प ही पद्धत जपानी संशोधकांनी 2000 साली मांडली. ती 60 ते 65 अंशांवर, एकाच तापमानात चालते. म्हणजे 65 अंश धरून ठेवणारी पेटी झाली की निम्मं काम झालं.

नळ्या बसवायला छिद्रं पाडलेला ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. मी उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडे 0.2 मिलीची नळी घेऊनच गेलो. नळी हातात असली की छिद्र किती मोठं हे सांगत बसावं लागत नाही. आठ नळ्यांची पट्टी वापरणार असाल तर दोन छिद्रांच्या मध्यांत 9 मिमी अंतर पाहिजे. तो हसून म्हणाला, "सर, उंदरांचं इडलीपात्र काय हे?" आणखी दोन छिद्रं मारून घ्या, एक हीटरला, एक सेन्सरला. हीटर म्हणजे थ्रीडी प्रिंटरमधली 12 व्होल्टची कांडी. त्याला तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं एक थर्मोस्टॅट मॉड्यूल, आणि हीटरच्या एकसर जोडणीत एक थर्मल फ्यूज. फ्यूज टाळू नका; मॉड्यूलचा रिले (आतला स्विच) चिकटला तर ठोकळा तापतच राहतो. बाहेरून थर्माकोल.

आता खरं डोकं इथं लागतं. मॉड्यूलचा आकडा खरा धरायचा नाही. सेन्सर आधी बर्फाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात धरून पाहायचा. मी पहिल्यांदा नुसत्या उकळत्या पाण्याला 100 धरून तो जुळवला. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथं पाणी सुमारे 97.5 अंशांना उकळतं. त्यामुळे पेटी 65 दाखवायची तेव्हा आत साडेबासष्टच असायचं, आणि काम लांबायचं. महिनाभर मी डीएनए वाढवणाऱ्या एन्झाइमला दोष देत होतो!

मिश्रणात बीएसटी पॉलिमरेज (हेच ते एन्झाइम), चार ते सहा प्राइमर (रोगाचा डीएनए ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि रंग असतो. फिनॉल रेड घातलात तर डीएनए वाढताना आम्लता वाढते आणि गुलाबी रंग पिवळा होतो. दिसायला फार छान, पण नमुना म्हणून घातलेला पानाचा रस मुळातच आम्लधर्मी. आमच्या नळ्या पेटीत ठेवायच्या आधीच पिवळ्या झाल्या होत्या, आणि मुलं टाळ्या वाजवत होती. म्हणून कच्च्या रसासाठी हायड्रॉक्सीनॅफ्थॉल ब्लू बरा. डीएनए वाढताना मॅग्नेशियम खर्ची पडतं आणि जांभळा रंग आकाशी होतो. हा फरक ट्यूबलाइटखाली फसवतो. नळी पांढऱ्या कागदावर धरून खिडकीपाशी बघा.

मिश्रणावर मिनरल ऑइलचा एक थेंब टाकावा, नाहीतर पाणी झाकणाला जाऊन बसतं. मग 40 मिनिटं, घड्याळ लावून. तासावर नेऊ नका, उशिरा रोगाचा डीएनए नसलेली नळीही रंग बदलू शकते. प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या पाण्याची आणि एक खात्रीच्या रोगट नमुन्याची ठेवायचीच. पाण्याची नळी आकाशी झाली तर त्या दिवसाचं सगळं फेकायचं, वाद घालायचा नाही.

आकाशी आलं म्हणून लगेच ऊस उपटायला सांगू नका. त्या बेटाचं बेणं घेऊ नका एवढं सांगा आणि पीसीआरला नमुना पाठवा.

आणि चाचणी झालेली नळी उघडायची नाही. कधीच. एकदा आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी काटकसर म्हणून वापरलेल्या नळ्यांची झाकणं काढून, त्या धुऊन वाळत घातल्या. आतला वाढलेला डीएनए सगळीकडे पसरला, आणि पुढचे तीन आठवडे पाण्याची नळीसुद्धा आकाशी. टेबल ब्लीचने पुसलं, पिपेट बदललं, काही उपयोग नाही. शेवटी मिश्रण भरायचं काम वाचनालयामागच्या खोलीत हलवलं. मावशींना त्या खोलीची किल्ली मात्र दिलेली नाही.